कॉब्लर, ब्ल्यूबेरी आणि अनुक्त द्रव्ये

अमेरिकेतील मुलांकडे उन्हाळा काढून परतणारे ज्येष्ठ रुग्ण हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "सूनबाई घरी ब्ल्यूबेरी कॉब्लर करते, ते चालेल का?" यावर आपल्यापैकी काहीजण "ब्ल्यूबेरी म्हणजे अमेरिकन जांभूळच, मधुमेहींनी अवश्य खावी" असे उत्तर देतात. हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

जांभूळ व ब्ल्यूबेरी यांत साम्य आहे ते रंगाचे. दोहोंची कुळे भिन्न. जांभूळ कषाय व संग्राही. चरकाचार्यांनी अग्र्यप्रकरणात त्यास वातकर द्रव्यांत अग्रस्थान दिले आहे. प्रमेहात आपण योजतो ते मुख्यतः त्याचे बीज. ब्ल्यूबेरीचे बी इतके सूक्ष्म की ते फळाबरोबर नकळत पोटात जाते. मग बीजचूर्णाचा लौकिक या फळास कोणत्या आधारे बहाल करावयाचा?

संहितेत नसलेल्या द्रव्याविषयी मौन पाळावे असेही नाही. सूत्रस्थानाच्या २७ व्या अध्यायाच्या अखेरीस, अनुक्त द्रव्याबाबत त्या देशीच्या लोकांचे म्हणणे प्रमाण मानावे, असा स्पष्ट निर्देश आहे. भावमिश्रांनी फिरंग रोगासह चोपचिनीही ग्रंथात घेतली, ती याच मोकळ्या दृष्टीने. ब्ल्यूबेरी उत्तर अमेरिकेची मूळ रहिवासी. तेथील आदिवासी ती वाळवून हिवाळ्यासाठी साठवीत. लागवडीची मोठी ब्ल्यूबेरी मात्र अलीकडची. फ्रेडरिक कोव्हिल व एलिझाबेथ व्हाइट यांच्या प्रयत्नांतून न्यू जर्सीत तिचे पहिले पीक १९१६ साली बाजारात आले. मेन राज्यातील रानटी बुटकी जात निराळी. तिचे फळ लहान आणि चवीस उग्र. 'देशजांचे म्हणणे' विचारात घेताना हा भेदही ध्यानी घ्यावा लागेल. आमच्या जिभेस लागवडीचे फळ मधुर-अम्ल व सालीस किंचित कषाय वाटले. शिजल्यावर अम्लत्व अधिक जाणवते.

पण रुग्णाचा प्रश्न फळाचा नव्हे, कॉब्लरचा आहे. येथे विमानस्थानातील अष्ट आहारविधिविशेषायतनांपैकी करण व संयोग ही दोन निर्णायक ठरतात. सुमारे सहा कप फळांस अर्धा ते पाऊण कप साखर, लिंबाचा रस व थोडे कॉर्नस्टार्च लावून ते पसरट भांड्यात घालतात. मैदा, बेकिंग पावडर, थंड लोणी व आंबट ताक यांचे सैलसर पीठ वर चमच्याने ठिकठिकाणी टाकतात आणि १९० अंश सेल्सियसच्या भट्टीत पाऊण तास भाजतात. रस मध्यभागीही खदखदला पाहिजे, अन्यथा तो दाटत नाही. म्हणजे मैदा, साखर व लोणी यांचे हे गुरू, संतर्पण अन्न होय. त्यात फळ आहे म्हणून ते मधुमेह्यास पथ्यकर ठरत नाही.

विरुद्धाहाराचा मुद्दा याहून नाजूक आहे. ताकाऐवजी दूध वापरले की अम्ल फळ व दूध यांचा संयोग झालाच. चरकोक्त यादीत जांभूळ व करवंद दोन्ही आहेत आणि "या प्रकारची अन्य द्रव्ये" असेही म्हटले आहे. तेव्हा पळवाट उरत नाही. वर गरम कॉब्लरवर व्हॅनिला आइस्क्रीमचा गोळा ठेवण्याची तेथील रीत! दूध-अम्ल आणि शीत-उष्ण असे दोन विरोध एकाच चमच्यात. आणखी एक नवी प्रथा साखरेऐवजी मध घालण्याची. ती 'आरोग्यदायी' म्हणून मिरवते. उष्ण मधाविषयी आपली शास्त्राज्ञा ठाऊक असलेल्या वैद्याने तरी तिला मान डोलावू नये.

२०२३ साली भारताने अमेरिकन ब्ल्यूबेरीवरील आयातशुल्क घटविण्याचे मान्य केले. त्यामुळे हा प्रश्न यापुढे पुण्या-नागपुरातील रुग्णही विचारतील. तेथे ऑगस्टमध्ये झुडपावरून खुडलेले फळ आणि येथे शीतपेटीतून आलेले फळ यांत देश व काल दोन्ही बदलतात, हे त्यांस सांगावे लागेल.

सूनबाईंच्या कॉब्लरबाबत आमचे उत्तर असे : प्रमेह नसेल व अग्नी चांगला असेल तर ताकाचा, साखरेचा, त्याच दिवशी केलेला कॉब्लर चार चमचे, दुपारच्या जेवणात खावा, आइस्क्रीम नातवंडांनाही देऊ नये. प्रमेही असल्यास मूठभर ताजी फळे नुसती खावीत आणि साखर तपासत राहावी.