तिथीची पाऊणपट

सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या बाईला सहल आखायला सांगू नये, असं आमच्या घरातलं जुनं मत आहे. तरीही परवा लेकीचा ठाण्याहून फोन आला. "आई, मुलांना समुद्रावर न्यायचंय. तू ठरव." एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या विषयाकडे वळली. मी मात्र फोन ठेवल्यावर बराच वेळ तशीच बसून राहिले.

ठाण्यात राहणाऱ्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही असं कोण म्हणेल? पाहिला आहे. मरीन ड्राइव्हला कठड्याच्या अलीकडून, सागरी सेतूवर गाडीच्या काचेतून, आणि एकदा कुठल्याशा रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावरून, जिथून खरा समुद्र शंभर पावलांवर होता. नऊ वर्षांच्या नातीला शाळेत 'माझ्या आवडीचा समुद्रकिनारा' असा निबंध आला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपले पाय समुद्राच्या पाण्यात कधी बुडालेलेच नाहीत. तिने आईला विचारलं, "का गं?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ते १९९६ सालचं आहे.

त्या वर्षी आम्ही सोलापुरात होतो. बँकेच्या नोकरीत एलएफसी नावाचा एक लाभ असे. दोन वर्षांतून एकदा आपल्या गावी जाण्याचं भाडं मिळायचं, किंवा चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये एकदा भारतात कुठेही जाता यायचं. ब्लॉक संपायच्या आत गेलं नाही तर हक्क बुडायचा, आणि हक्काचे पैसे बुडवणं हे आमच्या शाखेत पाप समजलं जाई. मार्चअखेर उरकली की दुपारच्या चहाला कोणी काश्मीरचे तर कोणी कन्याकुमारीचे किलोमीटर मोजत बसे. आम्ही लांब गेलो नाही. माझ्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. ठरलं, रत्नागिरी.

कोकण रेल्वे मुंबईपासून मडगावपर्यंत सलग धावू लागली ती १९९८ च्या जानेवारीत. आणि ती असती तरी सोलापूरकरांना तिचा काय उपयोग? एसटीने कोल्हापूर, तिथे मुक्काम, मग आंबा घाट उतरून रत्नागिरी. घाटात धाकट्याने दोनदा ओकारी केली. मी मात्र खूश होते, कारण गाडी माझ्या कागदाबरहुकूम चालली होती.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. बँकेच्या लेजरच्या कोऱ्या पानावर उभ्या-आडव्या रेघा मारून केलेला. पहिला दिवस : टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, थिबा राजवाडा, संध्याकाळी मांडवी. दुसरा दिवस : रत्नदुर्ग, दीपगृह, दुपारी पावस. तिसरा दिवस : गणपतीपुळे, दर्शन साडेनऊ, समुद्रस्नान साडेदहा ते बारा, जेवण, मालगुंडचं केशवसुत स्मारक, परत. समुद्रस्नान! जणू काही समुद्र हा दहाला उघडणारा आणि दोनला बंद होणारा एखादा काउंटर होता.

पहिल्या दोन दिवसांतच मुलं पेंगुळली. थिबाच्या राजवाड्यात मी त्यांना ब्रह्मदेशाच्या त्या शेवटच्या राजाची गोष्ट सांगितली. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याला मंडालेहून उचललं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० मध्ये हा राजवाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. मायदेश पुन्हा दिसला नाही. धाकटा पायरीवर बसून मुंगळे मोजत होता. थोरलीने एकच विचारलं, "त्याला समुद्रात खेळू द्यायचे का?" मी घड्याळ पाहिलं आणि तिला पुढच्या दालनाकडे चालवलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही गणपतीपुळ्याला वेळेवर पोहोचलो. दर्शन झालं. हे प्रदक्षिणेला गेले. तिथला गणपती म्हणजे मागचा अख्खा डोंगर, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. त्याला वेळ लागतो. मी मुलांना घेऊन वाळूवर आले. "गुडघ्याच्या पुढे जायचं नाही, भावाचा हात सोडायचा नाही," असं थोरलीला बजावलं आणि सतरंजी पसरून बसले. पर्समधून वही काढली. सकाळपासूनचा खर्च लिहायचा राहिला होता.

त्या वहीत 'नारळ, फुलं' असं लिहिलेलं आहे, पुढे रक्कम नाही.

दोघंही गुडघ्याएवढ्या पाण्यातच होती. माझं सांगणं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. पण तिथला किनारा उतरता आहे, चार पावलांत पाणी अंगावर येतं, आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. मुलाचे पाय निसटले, तो बसला, पुढच्या लाटेने आडवा झाला आणि बहिणीच्या हातातून हात सुटला. ती ओरडली ती ओरड मला ऐकू आली. मी धावले, पण माझ्याआधी शहाळी विकणारा एक पन्नाशीचा माणूस कोयता टाकून पाण्यात शिरला होता. त्याने पोराला दंडाला धरून उचललं आणि वाळूवर पालथं घातलं. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा गेलं नसेल. धाकटा खोकला, रडला आणि पंधरा मिनिटांनी शहाळं मागू लागला. थोरली मात्र बोलली नाही. तिचा उजवा हात मुठीत आवळलेला होता, तो कोल्हापूर येईपर्यंत तिने उघडला नाही.

शहाळेवाल्याने पैसे घेतले ते फक्त शहाळ्यांचे. मग मला म्हणाला, "बाई, आज तिथी कोणती?" मला ठाऊक नव्हती. मला तारीख ठाऊक होती, वार ठाऊक होता, ब्लॉक वर्ष ठाऊक होतं. तो म्हणाला, "दशमी. दहाची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती होऊन गेली, दीडपर्यंत ओहोटी. आत्ता पाणी भायेर जातंय, आणि तुम्ही पोरं आत धाडता."

कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. घाटावरच्या आम्हा लोकांना सांगावं लागतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला बाराच्या सुमारास भरती येते, दुपारीही आणि मध्यरात्रीही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्यामागून भरतीही उशिरा येते. म्हणून तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हा अदमास आहे. गावागणिक अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही इकडेतिकडे होतो. आता मोबाईलवर त्या त्या बंदराचं मिनिटवार कोष्टक मिळतं आणि जावई मला ते कौतुकाने दाखवतात. चांगलंच आहे. पण कोष्टक उघडून बघायचं असतं हे आधी सुचावं लागतं. व्याजाच्या दशांशाला जपणाऱ्या मला पाऊणपट करता येत नव्हती असं थोडंच होतं? समुद्राला स्वतःचं वेळापत्रक असेल, हा विचारच माझ्या कागदात नव्हता.

आणि माझं म्हणणं आहे ते एवढ्याचसाठी. मुलांना घेऊन समुद्रकाठच्या गावी जाणारी आपली बहुतेक कुटुंबं आजही असाच कागद करतात. रेघा मारायला आता लेजरचं पान लागत नाही, एवढाच फरक. 'पाहण्यासारखी ठिकाणं' आधी, त्यांच्यामधल्या फटीत समुद्र, आणि उरलंसुरलं मूल. मग भर उन्हात, भलत्या वेळी, दोन ठिकाणांच्या मध्ये सापडलेल्या तासाभरात सगळे धावत पाण्याकडे सुटतात. पाटी लावलेली असते. ती वाचायला वेळ नसतो. जीवरक्षक कुठे असतो, कुठे नसतो. मोठी माणसं वाळूवर बसून काय करत असतात? मी हिशेब लिहीत होते. आता फोटो पाठवत असतात. वहीपेक्षा त्यात मान खाली जास्त वेळ जाते, असा माझा अनुभव आहे.

कर्ज देताना आम्ही मार्जिन ठेवायचो. शंभराच्या तारणावर शंभर कोणी देत नाही, पाऊणशे देतात. सहलीच्या दिवसाला मात्र आपण पुरेपूर भरतो आणि वर थोडा ओव्हरड्राफ्टही काढतो. लहान मूल त्या दिवसात मावत नाही. त्याला एक खेकडा अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास कागदावर दाखवता येत नाही, म्हणून आपण तो धरतच नाही.

याउलट चूकही मी जवळून पाहिली आहे. पोरांना पाण्याजवळ जाऊच द्यायचं नाही, ही ती चूक. माझ्या लेकीने ती केली, आणि तिला बोल लावायचा मला अधिकार नाही. त्या दिवसानंतर ती कधी पाण्यात उतरली नाही. धाकटा मोठा होऊन पोहायला शिकला; तो हा प्रसंग विनोद म्हणून सांगतो, आणि तो सांगू लागला की ती स्वयंपाकघरात जाते. मीही तिच्याशी त्याबद्दल कधी बोलले नाही. काय बोलणार? सहा वर्षांच्या मुलाचा हात दहा वर्षांच्या मुलीकडे सोपवून मी नारळाचे पैसे लिहीत होते. तिच्याकडून काही सुटलं नव्हतं, माझ्याकडून सुटलं होतं. हे वाक्य मी तिच्यासमोर परवा पहिल्यांदा, फोनवर उच्चारलं. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने विचारलं, "तिकडे राहायचं कुठे?"

तर आता आखणी चालू आहे. रत्नागिरीच. दिवस पावसाळ्याच्या पुष्कळ पुढचे, थंडीतले. हापूस मिळणार नाही, यावरून नातवाने नाराजी नोंदवली आहे. त्याला आंबापोळीवर समजावलं. या वेळी मी ठिकाणं आधी लिहिली नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि नातीला फोनवर धरून तिथ्या लावल्या. आम्हाला दुपारी साडेतीन-चारच्या सुमाराची ओहोटी हवी होती, म्हणजे ऊन उतरताना भाट्याच्या सपाट किनाऱ्यावर ओली, घट्ट वाळू लांबवर उघडी पडेल आणि मुलांना खेकडे, शंख, डबकी सगळं मिळेल. नातीने उलटं गणित केलं : ओहोटी पावणेचारला, तर भरती पावणेदहाला, म्हणजे त्रयोदशी. शाब्बास! द्वादशी ते चतुर्दशी असे तीन दिवस धरले.

भाट्याला खाडीच्या तोंडाकडे जायचं नाही, कारण तिथे काजळी नदी समुद्राला मिळते आणि पाण्याला ओढ असते. सुरूच्या बनासमोरच्या वाळूवर राहायचं. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा शांत दिसला तर तो सोयीचा वाटतो, पण बहुधा तिथूनच पाणी परत आत जात असतं. त्याच्यापासून लांब राहायचं. पोहता येणारा माणूस त्यात सापडलाच तर किनाऱ्याकडे झुंजत न बसता आडवं पोहून बाहेर पडायचं. मुलं पाण्यात असतील तेव्हा एक मोठं माणूस त्यांच्याबरोबर पाण्यातच, त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये, आणि त्या माणसाच्या हातात काहीही नाही. ही ड्यूटी अर्ध्या अर्ध्या तासाने बदलायची. जावयांनी याला हसून संमती दिली.

बाकीचं झालं तर झालं. मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा नातवाला दाखवावा असं वाटतं. थिबाचा राजवाडा नातीला. तिच्या आईने विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधते आहे. गणपतीपुळ्याला दर्शनाला जाऊ, पाण्यात उतरणार नाही. कोणी उतरायचा हट्ट धरला तर त्याला उकडीचे मोदक आहेत.

जायचं ठाण्याहून कोकण रेल्वेने. घाटाचा आणि ओकाऱ्यांचा प्रश्न मिटला. रत्नागिरी यायच्या थोडं आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, त्यात श्वास कोण किती रोखतो याची पैज आत्तापासूनच लागली आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं, पडू दे. स्टेशन गावाबाहेर आहे, तेव्हा रिक्षा आधी सांगून ठेवावी लागेल.

पूर्वी चार महिने आधी आरक्षण करता यायचं; २०२४ च्या नोव्हेंबरपासून ते साठ दिवसांवर आलं. सकाळी आठला खिडकी उघडते आणि सुट्टीच्या दिवसांत कोकणच्या गाड्या बघता बघता भरतात. त्या दिवशी मला सातला फोन करून उठवायचं काम नातीने अंगावर घेतलं आहे. नावांची, वयांची यादी मी लिहून ठेवली आहे. आम्ही दोघं, जावई, दोन मुलं. लेकीने स्वतःचं नाव घालायला अजून सांगितलेलं नाही. तिची ओळ मी कोरी ठेवली आहे.