टॉवेल बॅगेत गेला, त्याला काय म्हणायचे?

मॉलच्या पार्किंगमधून ट्रॉली ढकलत थेट घर गाठणारी माणसे अमेरिकेत इतकी आहेत, की कॅलिफोर्नियाने त्यासाठी कायद्यात वेगळे कलमच घातले. परभणीकरांना हा प्रकार गमतीचा वाटेल. पण इथून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या एसी डब्यातला टॉवेल हा त्या ट्रॉलीचा सख्खा भाऊ आहे. वापरायला दिलेला, न्यायला नव्हे.

आकडे गमतीचे नाहीत. 2017-18 या एका वर्षात पश्चिम रेल्वेच्या गाड्यांतून सुमारे 1 लाख 95 हजार टॉवेल, 81 हजारांहून अधिक चादरी आणि 7 हजारांवर ब्लँकेट गेली. मे 2017 मध्ये मुंबई-गोवा तेजस एक्स्प्रेसची पहिलीच फेरी झाली, तेव्हा किमान डझनभर हेडफोन परत आले नाहीत. त्या गाडीचे तिकीट काढणारा माणूस हेडफोनला महाग नव्हता.

तिकिटाचे एवढे पैसे मोजले, मग एक टॉवेल नेला तर काय बिघडले, हा नेहमीचा युक्तिवाद. दुसरा त्याहून साळसूद: परत ठेवणारच होतो. आपल्या कायद्यात हा दुसरा बचाव चालत नाही. अलवरमधल्या एका सरकारी अधीक्षकाने कार्यालयातली फाईल घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये ती चोरीच ठरवली. त्याआधी, 1952 मध्ये, जोधपूरच्या हवाईदल अकादमीतला एक प्रशिक्षणार्थी परवानगीविना विमान घेऊन उडाला आणि पाकिस्तानात उतरला. तीही चोरीच ठरली. वस्तू कायमची लाटायची होती का, हे इथे निर्णायक नसते. मालकाची संमती नव्हती आणि हेतू अप्रामाणिक होता, एवढे पुरते.

म्हणून फरक करायचा तो इथे. तांदळाचे पोते आणि सोबत म्हातारी आई, म्हणून ट्रॉली फाटकाबाहेर रिक्षापर्यंत नेऊन तिथेच सोडली, तर ती बेपर्वाई. तीच ट्रॉली घरी नेऊन तिच्यावर पाण्याचे कॅन ओढले, तर चोरी. टॉवेलला असली पळवाटही नाही, कारण तो बॅगेत चुकून जात नाही.

नुकसान रेल्वेचे, असे समजून मन शांत करणाऱ्यांनी डब्यातल्या अटेंडंटला विचारावे. मोजणीत कमी भरलेल्या कपड्यांचे पैसे अनेकदा त्याच्या तुटपुंज्या पगारातून कापले जातात.

रेल्वे मालमत्तेच्या 1966 च्या कायद्यात पहिल्याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. टॉवेलसाठी एवढी शिक्षा होईल असे कोणालाच वाटत नाही, त्यामुळे धाकही नाही. जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता अधिक व्यवहारी आहे: 5 हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. रेल्वेच्या कायद्यातही ही सोय आणावी. टॉवेल नेणाऱ्याला आठवडाभर परभणी-मुंबई गाडीत चादरी वाटायला आणि सकाळी त्या मोजून घ्यायला लावावे. कमी भरल्या तर पैसे त्याच्याकडून.