जुन्या गाडीची नाडी

माझा मावसभाऊ जवळजवळ चाळीस वर्षे इंग्लंडात डॉक्टरकी करून निवृत्त झाला. रोग्याला नीट तपासल्याशिवाय खोकल्याची साधी गोळीही लिहून न देणारा, असा त्याचा लौकिक. निवृत्तीनंतर त्याने हौसेने एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. तिच्या बाबतीत त्याने जे केले, ते एखाद्या रोग्याच्या बाबतीत केले असते तर त्याची सनदच गेली असती. तपासणी नाही, निदान नाही. चार जणांचे ऐकून दुकानातले सर्वांत महाग औषध आणले आणि तेही थेट जबर मात्रेत देऊन टाकले. ते औषध म्हणजे गाडीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, ज्यांना आपल्याकडे गॅरेजात सरसकट ‘शॉकअप’ म्हणतात.

गाडी आपली नाही, हौसही आपली नाही, असे म्हणून वाचकांनी पान उलटू नये. ज्यांच्या घरी मोटरसायकल आहे, त्यांच्याही घरी हा गैरसमज सुखाने नांदत असतो. कडक ते चांगले आणि महाग ते त्याहून चांगले, असा तो गैरसमज.

दादाची गाडी १९७२ सालची एमजीबी. एमजी ही अक्षरे २०१९पासून आपल्या रस्त्यांवरही दिसू लागली आहेत. पण मुळात ती ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची आद्याक्षरे. त्या गावाजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी तयार झाल्या. दोन माणसांची, उघड्या टपाची, अठराशे सी.सी.ची ही गाडी लक्षाधीशांसाठी नव्हती. शाळामास्तर, कारकून, तरुण डॉक्टर यांना परवडावी म्हणून ती काढली होती. दादा तरुणपणी इंग्लंडात पोचला तेव्हा हॉस्पिटलच्या आवारात वरिष्ठांची अशीच एक गाडी उभी असे. ती त्याच्या मनात जी बसली ती बसलीच.

आता शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे नेमके काय? या नावातच घोटाळा आहे. खड्ड्याचा धक्का तो झेलत नाही, धक्का झेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला एक खोड असते. दाबली की ती उसळते, उसळली की पुन्हा दबते. आपल्या घरचा झोपाळा आठवा. एकदा झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो. थांबवायचा असेल तर आपण पाय हळूच जमिनीला घासतो. तो घासणारा पाय म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. त्याच्या नळीत तेल असते आणि दट्ट्या ते तेल बारीक भोकांतून ढकलतो. स्प्रिंगच्या उसळीतली शक्ती अशी तेलाच्या उष्णतेत खर्ची पडते. इंग्रज इंजिनिअर याला ‘डॅम्पर’ म्हणतात, ते नाव अधिक खरे.

पाय मुळीच न घासला तर झोपाळा हलतच राहील. पण पाय जोरात रोवला तर झोपाळा हिसका देऊन थांबतो आणि मांडीवरचे पोर खाली पडते. डॅम्परची सगळी विद्या या दोन टोकांच्या मध्ये आहे.

एमजीबीत मूळचे डॅम्पर नळीसारखे नव्हते. एका ओतीव डबीत तेल, आत दट्ट्ये आणि बाहेर निघालेला एक दांडा, असे ते ‘लीव्हर-आर्म’ जातीचे. पुढच्या चाकांपाशी हाच दांडा चाक धरून ठेवणारा वरचा हातही असतो. एका भागाकडून दोन कामे करून घेणारी ही काटकसर मला अजूनही कौतुकाची वाटते. मागे मात्र साधे पाटे आणि अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे आपल्या टेम्पोसारखीच मांडणी.

दादाच्या गाडीच्या मागच्या एका डबीतून तेल गळत होते. गाडी वळणावर होडीसारखी डुले. इतके लक्षण दिसताच त्याने मागच्या दोन्ही डब्या काढून टाकल्या आणि घुंडीने कमीजास्त करता येणारे नवे नळीचे डॅम्पर, पट्ट्या-बोल्टांच्या संचासह बसवले. जोडीला गाडी खाली बसवणाऱ्या ठेंगण्या, कडक स्प्रिंगा आणि पाटे आले. पुढच्या डब्यांत जाड तेल भरले. मग घुंडी फिरवली ती थेट शेवटच्या खटक्यापर्यंत. ‘अ‍ॅडजस्टेबल’साठी पैसे मोजले आहेत, तर ते वसूल नकोत का व्हायला?

मी २०२३च्या जूनमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या त्याच्या घरी गेलो, तेव्हा गाडी पाहून डोळे निवले. पण वहिनी दारातूनच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्हीच बसा तिच्यात. मी आता बसत नाही. माझ्या कंबरेने राजीनामा दिलाय.” नवरा-बायकोने रविवारी डबा घेऊन हिंडायचे म्हणून घेतलेली गाडी, आणि शेजारची खुर्ची रिकामी! दादा हसला, म्हणाला, “अरे, स्पोर्ट्स कार आहे ती. थोडी कडक असणारच.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे निघालो. पाऊस नुकताच थांबला होता. कुंपणांच्या मधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर एका डाव्या वळणात ठिगळांची रांग होती. वेग फार नव्हता. पहिल्या ठिगळावर मागची चाके उडाली, दुसऱ्यावर टेकली न टेकली तोच तिसरे आले आणि गाडीची शेपटी सरळ बाहेर फेकली गेली. दादाने सावरले. समोरून कोणी येत नव्हते म्हणून हा लेख मी लिहितो आहे. पुढे मैलभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मी उमेदीची वर्षे पुण्यात वाहनांच्या कारखान्यात काढली आहेत. डॅम्पर कडक केला की गाडी रस्त्याला चिकटते, हे वाक्य मी तिथे शेकडो वेळा ऐकले आणि ते निम्मेच खरे आहे. गुळगुळीत शर्यतीच्या मैदानावर ते काही अंशी खरे ठरते. पण खडबडीत रस्त्यावर चाकाने उंचवट्यावर चढावे आणि लगेच खाली उतरावे लागते. डॅम्परने ते धरूनच ठेवले तर चाक हवेत राहते, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण कळते. उसळी रोखण्याची ताकद फार वाढवली तर आणखी एक गंमत होते. एका खड्ड्यातून चाक पुरते खाली यायच्या आत दुसरा खड्डा येतो आणि गाडी हळूहळू खालीच बसत जाते. मग उरलेला प्रवास रबरी ठोकळ्यांवर आपटत. म्हणजे कडकपणाने पकड वाढत नाही, वाढतो तो पकडीचा भास. पाठीला जे जाणवते ते सगळे वेगाचे लक्षण नसते.

लोटस मोटारींचा जनक कॉलिन चॅपमन याने तर उलटा मार्ग धरला होता. स्प्रिंगा मऊ आणि डॅम्पिंग नेमके. १९६२ साली आलेली त्याची ‘एलान’ आजही वळणावरच्या वागणुकीसाठी नावाजली जाते आणि ती बसायला मवाळ आहे.

त्या संध्याकाळी दादाला म्हटले, “तू डॉक्टर आहेस ना? मग आज हिची केस पहिल्यापासून लिही.” वही आली. आधी टायर. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आकडे निघाले २३०९, म्हणजे २००९ सालच्या २३व्या आठवड्यातला माल! नक्षी खोल होती, पण चौदा वर्षांत रबर वाळून टणक झाले होते. हवा पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त. मागच्या पाट्यांचे रबरी बुश चुरा झालेले. म्हणजे गाडी डुलत होती याचे कारण ती एक गळकी डबी तर होतीच, पण हे बुशही होते, आणि त्यांना कोणी हातच लावला नव्हता.

मग नळीची लांबी मोजली. बाजारातून डॅम्पर घेताना ‘या मॉडेलला बसतो’ एवढ्यावर विसंबू नये, हे मी आग्रहाने सांगेन. गाडी जमिनीवर उभी असताना, चाक पूर्ण लोंबत असताना आणि पूर्ण वर दबले असताना, अशा तीन मापांत डॅम्परच्या दांड्याला दोन्हीकडे जागा उरली पाहिजे. दादाने गाडी खाली बसवल्यामुळे वरच्या बाजूला जागा जेमतेम होती. प्रत्येक ठिगळावर गाडी आपटत होती ती इथे. शिवाय एमजीबी ही काही एकच गाडी नव्हे. १९७४च्या अखेरीस अमेरिकी नियमांसाठी रबरी बंपर आले, गाडीची उंची वाढली, पुढचा अँटी-रोल बारही काही काळ काढला गेला. १९७२च्या गाडीचा उपाय १९७५च्या गाडीला लागू पडेलच असे नाही.

बाजारात पर्याय पुष्कळ. हॉलंडमधली कोनी ही कंपनी १८५७ साली घोडागाडीच्या सामानापासून सुरू झाली. तिचे डॅम्पर जुन्या गाड्यांचे शौकीन नावाजतात. त्यांतल्या नेहमीच्या जातीत फक्त उसळीचा जोर बदलता येतो आणि झीज झाली की तो थोडा वाढवता येतो. वायूच्या दाबाचे एकनळी डॅम्पर जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५७पासून मर्सिडीजसाठी काढले. ते चांगलेच, पण वायूच्या दाबाने गाडी किंचित उचलतात. हलक्या जुन्या गाडीत हे ध्यानात ठेवावे लागते. कोणता घ्यावा? माझे उत्तर असे : आधी टायर आणि बुश नवे करा, मूळ डॅम्पर दुरुस्त करून गाडी चालवून पाहा, आणि तरीही काही उणे वाटले तरच खरेदीला जा.

आम्ही मूळच्या स्प्रिंगा आणि पाटे परत बसवले, टायर व बुश बदलले, पुढच्या डब्यांत पुस्तकात सांगितलेले तेल भरले. नळीचे डॅम्पर मात्र ठेवले आणि घुंडी अगदी मऊ टोकाला आणली. सुरुवात तिथूनच करायची असते. मग रोज पहाटे तोच सहा मैलांचा रस्ता आणि तोच वेग. दर फेरीनंतर मागच्या दोन्ही बाजूंना फक्त एक खटका पुढे. एका वेळी एकच बदल आणि तो लगेच वहीत. तिसऱ्या खटक्याला डुलणे थांबले. पाचव्याला ठिगळे पुन्हा पाठीत बोलू लागली. आम्ही तिसऱ्यावर परत आलो. घुंडीला कितीतरी खटके उरले होते. दादाला ते पैसे फुकट गेल्यासारखे वाटले. मी म्हणालो, “थर्मामीटरवर १०८पर्यंत आकडे असतात, म्हणून काय ताप तिथपर्यंत न्यायचा?”

मूळ गाडीत बोटभरही बदल करू नये असे मानणारे शुद्धतावादी इथे रागावतील. त्यांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. कारखान्याने केलेली तडजोड विचारपूर्वक केलेली असते. पण त्यात खर्चाचाही विचार असतो, आणि तो काही वेदवाक्य नसतो. माझी अट एवढीच की बदल परत फिरवता यावा. गाडीच्या अंगाला नवे भोक पाडू नये आणि काढलेला भाग चिठ्ठी बांधून जपून ठेवावा.

आपल्याकडे मोटरसायकलवर मागे कोणी बसणार असेल तर ‘शॉकअप कडक करून घ्या’ म्हणतात. तिथे मिस्त्री पान्याने जी कडी फिरवतो ती बहुतेक गाड्यांत स्प्रिंगचा ताण बदलते, डॅम्पर नव्हे. आतले तेल गळून गेलेले असेल तर ती कडी कितीही फिरवली तरी गाडी उड्या मारतच राहणार. मोटारीचेही तसेच. कोपरा दाबून सोडा. गाडीने वर येऊन स्थिरावले पाहिजे. दोन-तीनदा झुलली तर डॅम्पर गेला समजा, आणि बदलायचा तर जोडीने बदला.

ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसे फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८पासून वार्षिक तपासणीची सक्ती नाही. दादा हे मोठ्या अभिमानाने सांगे. पण कायद्याने विचारणे सोडले म्हणून रस्ता विचारायचे सोडत नाही. त्या ओल्या वळणावर त्याने विचारलेच होते. तपासणीची सक्ती नसलेल्या गाडीचा मालकच तिचा तपासनीस असतो, आणि शेजारी बसणाऱ्या माणसाचा जीव त्याच्या हातात असतो.

मी परतायच्या आदल्या रविवारी वहिनी न बोलावता गाडीत जाऊन बसल्या. मांडीवर पोह्यांचा डबा, हातात चहाचा थर्मास. तासाभराने दोघे परत आले. दादा उतरून काही विचारणार, तोच त्या म्हणाल्या, “पुढच्या रविवारी जरा लांब जाऊ.” दादाने वही काढली आणि त्या दिवसाखाली, तिसऱ्या खटक्यासमोर, तेवढेच लिहून ठेवले.