ग्रहणाची विश्रांति आणि रोजचा हंडा

आमच्या लोकांची एक गंमत पाहा. चंद्रसूर्याला ग्रहण लागलें कीं घरांतील गरोदर सुनेला सासू जागची हलूं देत नाहीं. विळी धरूं नको, सुई घेऊं नको, बाहेर येऊं नको! तिचें सारें काम दुसरे करितात. ग्रहण सुटतें, आणि दुसऱ्या दिवशीं पहाटे तीच सून पाण्याचा हंडा घेऊन घाटकोपरच्या टेकडीच्या पायऱ्या चढते व मग चार घरचीं धुणींभांडीं करावयास जाते. जें ग्रहण मुलाच्या केसालाही धक्का लावीत नाहीं त्याच्यासाठीं सगळें घर दक्ष. जो भार रोज तिच्या अंगावर आहे त्याला हात लावावयास कोणी नाहीं!

मग एखादे वेळीं मूल ३७ आठवडे भरण्याआधींच जन्मतें. दगावलें तर सटवीवर ढकलून घरचे मोकळे! 'सातव्यांतलें जगतें, आठव्यांतलें जगत नाहीं' हें आणखी एक घरगुती शास्त्र. तें साफ खोटें आहे. पोटांत जितके आठवडे अधिक, तितकीं मुलाचीं फुप्फुसें अधिक तयार. पण ही म्हण खरी मानणारें घर आठव्यांतल्या मुलाची आशाच सोडून बसतें.

असें प्रत्येक बाळंतपण टाळतां येतें असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळदां कारण डॉक्टरांनाही सांपडत नाहीं, आणि त्याचा दोष आईच्या माथीं मारणें हा निव्वळ दुष्टपणा आहे. परंतु वाढलेला रक्तदाब, लघवीचा विकार, एका बाळंतपणामागून लगेच दुसरें आणि तंबाखू, हीं कारणें उघड आहेत. मिश्रीचेंच घ्या. मुंबईंतील १,२१७ गरोदर बायकांची पाहणी करून गुप्ता व श्रीविद्या या संशोधकांनीं २००४ सालीं छापिलें कीं, मिश्रीसारखा तंबाखू वापरणाऱ्यांचीं मुलें सरासरीनें १०५ ग्रॅम हलकीं व सुमारें सहा दिवस आधीं जन्मलीं. पण सासू आणि शेजारीण दारांत बसून मिश्री लावीत असतां सुनेनें एकटीनें ती कशी सोडावी?

येथें कोणी सुशिक्षित गृहस्थ म्हणतील, "बायकांच्या सभा भरवा." तेंही करून झालें आहे. 'स्नेहा' संस्थेनें २००६ पासून तीन वर्षें मुंबईच्या ४८ झोपडवस्त्यांपैकीं २४ वस्त्यांत बायकांचे गट चालविले. नवजात मुलांचे मृत्यु त्यामुळें कमी झाल्याचें दिसलें नाहीं, हा निकाल त्यांनीं २०१२ सालीं प्रामाणिकपणें प्रसिद्ध केला. त्यांस आमचे धन्यवाद. आम्ही त्यांतून इतकाच बोध घेतों कीं, सभेनें हंडा उचलला जात नाहीं आणि बुडालेली मजुरीही मिळत नाहीं.

मजुरीचा प्रश्न आमच्याच पुढाऱ्यांनीं प्रथम ओळखला होता. १९२८ सालीं श्री. आसवले यांनीं मुंबई कायदेमंडळांत बाळंतपणाच्या भत्त्याचें बिल आणिलें, डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला, व १९२९ सालीं कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीनें रजा २६ आठवड्यांची झाली. पण ती दहा किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं! मुलुंड-बोरिवलीच्या इमारतींत भांडीं घासणारीला रजा कोण देतो? तिचा खाडा धरला जातो, आणि नवव्या महिन्यांत दुसरी बाई येते.

तेव्हां सरकारशीं भांडण चालूं ठेवावें, पण हात बांधून बसूं नये. १८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुण्यांत गरोदर विधवांसाठीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. त्यांनीं उपदेश करून वाट लाविली नाहीं. दार उघडून बाळंतपणें केलीं. त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनीं अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपापल्या गल्लींत एवढें तरी करावें:

गरोदर बाईचें पाणी गल्लींतील तरुणांनीं आळीपाळीनें भरावें. गणपतीची वीस फुटी मूर्ति ओढणाऱ्या मनगटांना एक हंडा जड नाहीं. दोहाळजेवणाच्या मांडवाचा व अठांगुळ्याचा पैसा तिच्या बुडत्या मजुरीस द्यावा. तपासणीच्या दिवशीं राजावाडीसारख्या सरकारी दवाखान्यांत एक शेजारीण सोबत जावी. मिश्री आधीं सासूनें सोडावी. आणि पाणी गेलें, रक्त दिसलें, पोट राहून राहून ताठूं लागलें, डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी आली, तर भगताकडे न जातां त्याच घटकेस दवाखाना गांठावा.

ग्रहणाच्या चार घटका जी माया सुनेवर करितां, ती नऊ महिने करा. मग पंचांग उघडण्याची गरजच उरणार नाहीं!