खाते उसने देऊ नये



पेढीवर बसू लागलेल्या मुलाला जुने दिवाणजी पहिला धडा रोजमेळाचा देत. जमेकडे रक्कम लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न विचारायचे : ती कोणाकडून आली आणि कशापोटी आली? आज आपल्या मुलांच्या हाती वही नाही, मोबाइल आहे. दहा वर्षांवरील मुलाला बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभाही रिझर्व्ह बँकेने बँकांना दिली आहे. तो धडा मात्र मागेच राहिला.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर संदेश येतो. घरबसल्या काम आहे. खात्यात पैसे येतील, ते सांगू त्या खात्यात पाठवायचे. शंभरामागे दोन रुपये तुमचे. दलालीचा व्यवहार घरात पाहत आलेल्या आपल्या मुलांना यात वावगे वाटत नाही, आणि इथेच फसगत होते. दलाल माल ओळखतो, घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही ओळखतो. येथे माल नाही आणि माणूसही ओळखीचा नाही.

मग हा पैसा कोणाचा असतो? 'डिजिटल अटके'ची भीती घालून एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडून उकळलेली ती आयुष्याची पुंजी असू शकते. काही मिनिटांत ती अनेक खात्यांतून फिरवली जाते. पुढे रोख काढली जाते किंवा आभासी चलनात बदलली जाते. माग पुसण्यासाठी वापरलेल्या अशा खात्याला 'म्युल' म्हणजे खेचर म्हणतात. ओझे दुसऱ्याचे, पाठ मात्र त्याची. शिक्षिकेने तक्रार केली की पोलिसांना बँकेत नाव सापडते ते आपल्या मुलाचे. संदेश पाठवणाऱ्याचे टोपणनाव तोवर पुसले गेलेले असते. खाते गोठते, परराज्यातील पोलिसांची नोटीस घरी येते. मुलाने त्यातील काही रक्कम दुकानाच्या खात्यात वळवली असेल, तर तेही अडकू शकते.

गुन्ह्याचा पैसा फिरवण्यास जाणूनबुजून साहाय्य करणाऱ्याला 2002 च्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात तीन ते सात वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. अल्पवयीन मुलाचे प्रकरण बाल न्याय कायद्याने हाताळले जाते. तरीही चौकशीचा फेरा चुकत नाही. आपल्या परंपरेने ही वाट फार पूर्वी ओळखली आहे. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत 'तदाहृतादान', म्हणजे चोराने आणलेले स्वीकारणे, स्वतंत्रपणे सांगितले आहे. मी चोरी केली नाही, एवढे म्हणणे तेथेही पुरेसे नाही.

म्हणून मुलांना स्पष्ट सांगावे : पासबुक, एटीएम कार्ड, सिमकार्ड किंवा ओटीपी मित्रालाही द्यायचा नाही. अनोळखी रक्कम आली आणि 'चुकून आली, परत पाठवा' असा फोन आला, तर स्वतः पाठवायची नाही, खर्चायचीही नाही. बँकेला लेखी कळवायचे. रक्कम परतवायची ती बँकेमार्फत. व्यवहार घडून गेला असेल तर तो तेथेच थांबवावा, संदेश पुसू नयेत, बँकेत जावे, 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा.

या साऱ्याला वेळ लागतो तो एकाच कारणाने : मूल वडिलांना सांगायला घाबरते. धमकी देणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. 'घरी सांगितलेस तर तूच अडकशील' हे त्याचे हुकमी वाक्य. तेव्हा मुलाने कबुली दिली तर त्या दिवशी रागावणे बाजूला ठेवावे. पहिले काही तास पैसा अडवण्यासाठी मोलाचे असतात, ते ओरडण्यात घालवू नयेत.

येत्या रविवारी दुकान बंद झाल्यावर मुलाला शेजारी बसवून त्याच्या खात्याचा उतारा उघडावा. प्रत्येक जमेपुढे त्यालाच विचारावे : कोणाकडून? कशापोटी? पोलिसी चौकशीचा सूर नको. आजोबांनी आपल्याला ज्या मायेने रोजमेळ शिकवला, त्याच मायेने.