दूरचा रुग्ण, जवळचा वैद्य

व्यवसायाचा ‘ब्रँड’ कसा घडवावा, या विषयावर वैद्यांसाठी आता स्वतंत्र कार्यशाळा भरतात. यूट्यूबवर आठवड्याला किती चित्रफिती टाकाव्यात, गूगलवर रुग्णांकडून अभिप्राय कसे मिळवावेत, हे सारे तेथे शिकविले जाते. तरुण वैद्य तेथे जातात यात गैर काही नाही. पाटी लावून चार-पाच वर्षे वाट पाहण्याचा धीर, आजचे दवाखान्याचे भाडे पाहता, कोणाला परवडणार? प्रश्न आहे तो या साधनांनी आपण नेमके काय उभारतो आहोत, याचा.

रुग्णापर्यंत पोहोचण्याचा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील दहाव्या अध्यायाचे नावच ‘विशिखानुप्रवेशनीय’ आहे. विशिखा म्हणजे रस्ता, वैद्याची कर्मभूमी. तेथे उतरण्यापूर्वी शास्त्राध्ययन, कर्माभ्यास आणि राजाची अनुज्ञा हवी. नखे-केस नेटके, वस्त्र शुभ्र, वेश मात्र उद्धत नको. त्याच रस्त्याची दुसरी बाजू चरकाने ‘दशप्राणायतनीय’ अध्यायात दाखविली आहे. तेथील रोगाभिसर वैद्य कोणी आजारी असल्याचे कानी येताच धावत जातो, रुग्णाला ऐकू जाईल अशा बेताने स्वतःचे गुण मोठ्याने सांगतो, चालू उपचार करणाऱ्याचे दोष पुन्हा पुन्हा उगाळतो, रुग्णाच्या मित्रांना आपलेसे करतो आणि आपल्याला फार थोडे हवे आहे असेही भासवितो. आजच्या प्रसिद्धितंत्रातील फारच थोडे यातून सुटले असेल!

समजा, नंदुरबार जिल्ह्यातील एका आईने पुण्याच्या वैद्याची मधुमेहावरील चित्रफीत पाहिली. मूल इन्सुलिनवर आहे. शीर्षकात रोग ‘मुळासकट’ जाण्याचे आश्वासन आहे. तिने इन्सुलिन थांबविले, तर काही दिवसांतच मुलाच्या प्राणांशी गाठ पडते; आणि त्या वेळी नाडीवर हात ठेवायला पुण्याचा वैद्य तेथे नसतो. दर्शन व प्रश्न पडद्यावरून काही अंशी साधतात, स्पर्शन साधत नाही. एप्रिल २०२० मध्ये दूरस्थ चिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, म्हणून दुरून सल्ला देणे नियमबाह्य नाही, एवढेच. ‘चित्रफीत म्हणजे जाहिरात नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा एकदा वाचावा. त्याच्या व्याख्येत तोंडी घोषणा आहे आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साहाय्याने केलेली घोषणाही आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह आहे. अशा एका प्रकरणाची बातमी छापून येते तेव्हा दोष एका वैद्याला दिला जात नाही, आयुर्वेदाला दिला जातो.

माझे मत स्पष्ट आहे. दूरचा रुग्ण खेचून आणणे हा या नव्या जाळ्याचा सर्वांत हलका उपयोग होय. त्या आईला पुण्याहून जाणारे उत्तर असे असावे : इन्सुलिन थांबवू नका, तुमच्या तालुक्यात अमुक वैद्य आहेत, त्यांना मूल दाखवा, त्यांना माझ्याशी बोलावेसे वाटले तर मी आहे. यात शुल्क बुडते, हे खरे. पण रुग्ण जवळच्या हाती राहतो आणि दोन वैद्यांत विचारविनिमय सुरू होतो. चरकाने विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले. आपल्या व्हॉट्सॲप समूहांवर सुप्रभाताच्या फुलांखालोखाल दुसऱ्याच प्रकाराला बहर असतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. १९०७ साली शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला, तेव्हा देशभरच्या वैद्यांना जोडणारी साधने म्हणजे टपाल, नियतकालिके आणि आगगाडी.

रुग्णाचे उपचारापूर्वीचे व नंतरचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकणाऱ्यांविषयी अधिक लिहीत नाही. रुग्णाच्या घरची गोष्ट बाहेर नेऊ नये, आणि ज्ञान असले तरी त्याची फार बढाई मारू नये, या दोन्ही सूचना शिष्याला पहिल्याच उपदेशात दिलेल्या आहेत.

गावातील नाव वेगळ्या वाटेने होते. पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशनासाठी येणाऱ्या प्रत्येक बालकाच्या वजनाची नोंद ठेवणारा आणि वजन घटले की आईला थांबवून विचारणारा वैद्य; आशा कार्यकर्तीचा फोन रात्रीही घेणारा वैद्य; डेंग्यूची शंका येताच रक्त तपासायला लावून गरज पडल्यास वेळेवर रुग्णालयात पाठविणारा वैद्य. अशांना शेजारचा ॲलोपॅथीचा डॉक्टरही रुग्ण पाठवितो. यांपैकी कोणाचीच चित्रफीत होत नाही.

औषधालयांच्या मालकांची जबाबदारी तर अधिकच. आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीला परवाना लागतो, किरकोळ विक्रीला तसा लागत नाही. म्हणजे दुकानाची पत ही सर्वस्वी मालकाच्या सचोटीवर उभी. वत्सनाभ, भल्लातक, कुचला ‘ई-१’ अनुसूचीत आहेत आणि त्यांच्या कल्पांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. मोबाईलवर मागणी आली म्हणून असा कल्प कुरिअरने धाडणाऱ्याने ती सूचना कोणासाठी समजली? उलट, अशोकाची साल आणि तिच्या नावाखाली खपणारी खोट्या अशोकाची साल अशा दोन बरण्या शेजारी ठेवून येणाऱ्या वैद्याला फरक दाखविणारा, त्याचीच छायाचित्रे तालुक्यातील वैद्यांच्या समूहावर टाकणारा दुकानदार एकाच वेळी बाजारही करतो आणि शिकवितोही.

संघटनेने आता जिल्हावार सूची करावी. नाव, नोंदणी क्रमांक, दवाखान्याची वेळ, आणि पंचकर्मांपैकी कोणती कर्मे वैद्य स्वतः करतो, एवढेच त्यात असावे. पदके, सत्कार, छायाचित्रे नकोत. सूची प्रथम सभासदांच्या मोबाईलवर पोहोचावी आणि दर तिमाहीस तपासली जावी. सभासदांची नोंद कार्यालयात आहेच. कर्मांची माहिती प्रत्येकाने पोस्टकार्डावर कळविली तरी चालेल.