कार्ड दिलं, गोळी कुठाय?



दाव्याची पावती मिळते, पट्टा मिळत नाही, हे आपल्याला नवीन नाही. आता सिकलसेलचंही तेच चाललंय. 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला प्रधानमंत्र्यांनी मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांचं रक्त तपासायचं, कार्ड वाटायचं, 2047 पर्यंत आजार संपवायचा. रक्त आम्ही दिलं. कार्डही आलं. पण आमच्याकडच्या एका आरोग्य केंद्रावर गोळी मागितली की एकच उत्तर, "साठा संपला, जिल्ह्याले जा." जिल्ह्याला जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली, एस.टी.चं भाडं वेगळं.

वरून सांगतात, थांबा, नवीन औषधं येतायत. म्हणून ही नवीन औषधं काय आहेत ते आम्ही शोधून काढलं.

एक आहे कॅसजेव्ही. नोव्हेंबर 2023 मध्ये इंग्लंडनं आणि डिसेंबरात अमेरिकेनं त्याला परवानगी दिली. औषध खोटं नाही. अमेरिकेनं ज्या 31 रोग्यांचा हिशेब धरला, त्यातल्या 29 जणांना सलग वर्षभर मोठं दुखणं आलं नाही. पण किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे एका माणसामागे अठरा कोटींच्या वर! कंपनी म्हणते संशोधनाला खर्च येतो. येत असेल. पण ज्या शोधावर हे उभं आहे तो विद्यापीठांत लागला, आणि त्यात लोकांच्या कराचा पैसा आहे. शिवाय किंमत नुसत्या खर्चावर ठरतच नाही. रोग्याचा जन्माचा दवाखाना किती वाचेल, सरकार आणि विमावाले किती देतील, ते बघून ठरते. सावकार अडलेला माणूस बघून व्याज सांगतो, तसंच हे.

दुसरं व्हॉक्सेलोटर. अमेरिकेनं 2019 मध्ये घाईची परवानगी दिली. कशावर? रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलं एवढ्यावर. दुखणं कमी झालं का, माणूस जास्त जगला का, ते नंतर दाखवा म्हणाले. वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या वर. सप्टेंबर 2024 मध्ये फायझर कंपनीनं ते जगभरातून मागं घेतलं. लहान मुलांवरच्या एका चाचणीत औषध घेणारी 8 मुलं मेली होती, नुसती खोटी गोळी घेणारी 2. ती चाचणी घाना, केनिया, नायजेरियातही चालली होती. मलेरियाचा मुलूख, आपल्यासारखाच. औषधानंच मेली असं सिद्ध झालेलं नाही, हेही सांगतो. पण हिमोग्लोबिनचा आकडा वाढला म्हणून लेकरू वाचलं असं होत नाही, हे पाच वर्षं औषध विकून झाल्यावर कळावं?

आणि तिसरी आपली जुनी गोळी, हायड्रॉक्सीयुरिया. तिच्यावर आता कोणाचं पेटंट नाही, आपल्याच देशात कितीतरी कंपन्या बनवतात. जुन्या गोळीत कंपनीला नफा कायचा? म्हणून 1995 मध्ये ती सिकलसेलवर चालते हे अमेरिकेतल्या सरकारी पैशाच्या चाचणीनं सिद्ध केलं. 299 मोठ्या माणसांवर, आणि दुखण्याचे झटके जवळजवळ निम्मे झाले. पुढं 2019 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या मुलांवरचा निकाल आला. दुखणं कमी, मलेरिया कमी, मरणंही कमी. तिथंही बराच पैसा सरकारी.

मग अडलंय कुठं? शोध लागलाय, परवानगी आहे, गोळी स्वस्त आहे. फक्त ती आमच्या गावापर्यंत पोचवायची कोणाला गरज वाटत नाही. आदिवासी उपयोजनेचा पैसा आमच्या नावावर येतो, तो आधी या गोळीला लागला पाहिजे. अठरा कोटींच्या स्वप्नाकडे बोट दाखवून स्वस्त गोळीचा रिकामा डबा झाकायचा, हे आम्ही चालू देणार नाही.

एक ध्यानात ठेवा. ही गोळी मनानं खायची नाही. आधी आणि मधून मधून रक्त तपासावं लागतं, पोटुशी बाईनं डॉक्टरला विचारल्याबिगर घ्यायची नाही. म्हणून गोळीसोबत तपासणीही मागायची.

पेसा कायद्यानं गावातल्या सरकारी संस्थांवर आणि नोकरांवर लक्ष ठेवायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावानं ठराव घ्यावा: उपकेंद्राच्या भिंतीवर दर महिन्याला गोळ्यांचा साठा लिहा. कार्डवाल्या प्रत्येकाला तीन महिन्यांची गोळी गावात द्या. रक्त तपासायला गाडी गावात आणा. आणि आमच्या माणसांवर कुठलंही नवीन औषध वापरून बघायचं असेल तर आधी ग्रामसभेसमोर या, आमच्या बोलीत सांगा, पैसा कोणाचा आणि औषध चाललं तर आम्हाला काय भावानं मिळणार तेही सांगा. ठरावाची एक प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. दुसरी संघटनेकडे पाठवा.